नेझूची चुकलेली गोळी

‘अकिरा’ ही जपानी चित्रकथा वाचलेल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : निओ-टोकियो शहर कुणी उद्ध्वस्त केलं? ‘अकिरानं’ असंच उत्तर बहुतेकांकडून येतं, आणि ते खोटं नाही. अफाट शक्ती असलेला तो गप्प, कोऱ्या चेहऱ्याचा लहान मुलगा एका क्षणी भान हरपतो आणि उंचच उंच इमारतींचं शहर बघता बघता ढासळतं. पण त्या क्षणाच्या किंचित मागे जाऊन पाहिलं, तर तिथे दात पुढे आलेला एक बुटका राजकारणी हातात पिस्तूल घेऊन उभा दिसतो. तो गोळी झाडतो, ती भलत्यालाच लागते, आणि मग पुढचं सगळं घडतं. या माणसाचं नाव नेझू.

दोन हजारांहून जास्त पानांच्या या कथेत नेझूच्या वाट्याला फार थोडी पानं आली आहेत. त्याच्याकडे कसलीही दैवी शक्ती नाही. मुखपृष्ठावर तो नाही, चाहत्यांच्या टी-शर्टांवर नाही. मग एवढ्या मोठ्या शहराचं मरण लेखकानं याच्या हातून का घडवावं? आणि वाचताना ते आपल्याला पटतं कसं? मोठमोठ्या गोष्टींमध्ये मोठा अनर्थ किरकोळ माणसाच्या हातून होतो, हे आपण अनेकदा पाहिलेलं असतं. मात्र त्यामागे किती बारीक कारागिरी असते, हे सहसा लक्षात येत नाही. नेझूकडे नीट पाहिलं तर ती कारागिरी उलगडते. (ज्यांनी ‘अकिरा’ वाचलेली नाही त्यांना आधीच सांगायला हवं, की पुढे कथेतली मुख्य वळणं उघड होणार आहेत.)

पंधरवड्याला वीसेक पानं

जपानी चित्रकथेला ‘मंगा’ म्हणतात. बहुतेक मंगा आधी जाड, स्वस्त कागदाच्या नियतकालिकांतून क्रमशः येतात आणि मग त्यांचे खंड निघतात. ‘अकिरा’ कोदान्शा या प्रकाशन संस्थेच्या ‘यंग मॅगझीन’मधून २० डिसेंबर १९८२ ते २५ जून १९९० या काळात आली. एकूण १२० प्रकरणं आणि पुढे त्यांचे सहा जाडजूड खंड. लेखक-चित्रकार कात्सुहिरो ओतोमो यांचा जन्म १९५४चा, मियागी प्रांतातला. याआधी त्यांची ‘दोमू’ ही भयकथा गाजली होती. जपानचा नावाजलेला विज्ञानकथा पुरस्कार मिळवणारी ती पहिली मंगा. ‘अकिरा’ला १९८४मध्ये कोदान्शा मंगा पुरस्कार मिळाला.

कथा सुरू होते ती टोकियोच्या विनाशानं. ६ डिसेंबर १९८२ रोजी शहरावर एक प्रचंड स्फोट होतो, जग तिसऱ्या महायुद्धात लोटलं जातं. पुढे २०१९ साली उपसागरात भराव घालून उभारलेलं निओ-टोकियो दिसतं. तिथे मोटारसायकलींवर उंडारणाऱ्या पोरांच्या टोळ्या आहेत, सरकारविरोधी भूमिगत गट आहेत, आणि पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकसाठी नवं स्टेडियम बांधलं जातंय. त्या स्टेडियमच्या पोटात, जमिनीखाली खोल, कडाक्याच्या थंडीत एक मुलगा निजवून ठेवलेला आहे. त्याचा क्रमांक २८, नाव अकिरा. पहिलं टोकियो बाँबनं गेलं नव्हतं, या मुलाच्या मनःशक्तीनं गेलं होतं, हे लष्कराचं गुपित.

आता पंधरवड्यातून एकदा वीसेक पानं देणाऱ्या लेखकाची अडचण पाहा. तेत्सुओ हा टोळीतला पोरगा अपघातानंतर अमानवी शक्ती मिळवतो. तो एका हाताच्या इशाऱ्यानं भिंती पाडू शकतो. अशा पात्राला दर अंकात आणलं तर त्याची जरब संपते. वाचकाला सवय होते. म्हणून दुसऱ्या खंडाच्या शेवटी लष्कराचा उपग्रह आकाशातून किरणांचा मारा करतो, त्यात तेत्सुओचा हात तुटतो, आणि तो कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. तिसरा खंड बहुतेक त्याच्याविनाच चालतो.

मग तो खंड चालवायचा कुणी? इथे दुय्यम खलनायकाचं पहिलं काम सुरू होतं. मुख्य संकट दडून बसलेलं असताना वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवायचं. त्यासाठी पाठलाग हवेत, विश्वासघात हवेत, दारावर थाप हवी. ही कामं देवासारख्या ताकदीच्या पात्राला शोभत नाहीत. ती माणसाची कामं आहेत, आणि त्यातही लोभी माणसाची.

दोन तोंडांचा पुढारी

नेझू संसदेत विरोधी पक्षाचा पुढारी आहे. दिवसाउजेडी तो सभागृहात सरकारला धारेवर धरतो. आडून तो सरकारविरोधी बंडखोरांचा सूत्रधार आहे. र्यू आणि केई हे दोन तरुण बंडखोर त्याचे आदेश घेतात. भ्रष्ट, नालायक राज्यकर्त्यांच्या तावडीतून देश सोडवायचा, हे त्याचं त्यांना सांगणं. मियाको नावाच्या एका वृद्ध धर्मगुरू स्त्रीशीही त्याचे संबंध आहेत. तिला स्वतःला मनःशक्ती आहे, आणि अकिरा जागा होण्याचा धोका ती ओळखून आहे.

सुरुवातीला वाचक नेझूला सरळ खलनायक मानत नाही. कारण समोरचं सरकार खरोखरच वाईट आहे. मुलांवर गुप्त प्रयोग करणारं लष्कर आहे. त्याविरुद्ध लढणाऱ्यांचा नेता म्हणजे आपल्या बाजूचाच, असं वाचक गृहीत धरतो. ओतोमो ही समजूत मुद्दाम रुजू देतात आणि मग हळूहळू पोखरतात. एखाद्या बोलण्यात घाई दिसते, एखाद्या सूचनेत कार्यकर्त्याच्या जिवाची पर्वा दिसत नाही. केईला हे कळायच्या आधी वाचकाला कळू लागतं.

हे दुसरं तंत्र फार जुनं आहे आणि फार परिणामकारक. पात्रापेक्षा वाचकाला थोडं जास्त माहीत असलं की साध्या प्रसंगातही जीव टांगणीला लागतो. केई निष्ठेनं निरोप पोचवते, धोका पत्करते. पलीकडे तो निरोप घेणारा माणूस कोण आहे, याची शंका आपल्याला आलेली असते. तिला ओरडून सावध करावंसं वाटतं. शक्तीच्या स्फोटांनी अशी अस्वस्थता येत नाही, ती फक्त विश्वासाच्या खेळातून येते.

| चौकट : नेझू, थोडक्यात |
|---|
| कुठे : कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’ या मंगात, पहिल्या तीन खंडांत. |
| उघड ओळख : निओ-टोकियोच्या संसदेतला विरोधी पुढारी. |
| छुपी ओळख : बंडखोर गटाचा सूत्रधार, र्यू आणि केई यांचा नेता. |
| हाव : अकिराला ताब्यात घेऊन सत्ता मिळवणं. |
| दगा : मियाकोला, आणि स्वतःच्याच कार्यकर्त्यांना. |
| अखेर : कालव्याकाठी अकिरावर गोळी झाडतो, ती ताकाशीला लागते, सैनिक नेझूला जागीच ठार करतात. |
| चित्रपटात (१९८८) : अखेर पूर्ण वेगळी, हृदयविकारानं मृत्यू. |

चेहरा लक्षात कसा राहतो

पानं थोडी मिळणाऱ्या पात्राला ओळख पटवून द्यायला वेळ नसतो. शिवाय नियतकालिकाचा कागद खडबडीत, छपाई एका रंगाची. दोन आठवड्यांपूर्वी पाहिलेला माणूस वाचकाला पहिल्या चौकटीतच ओळखू आला पाहिजे. म्हणून मंगाकार दुय्यम पात्राला एखादी ठसठशीत खूण देतात. कुणाला जखमेचा व्रण, कुणाला विचित्र टोपी.

ओतोमोंची शैली मात्र वास्तवाकडे झुकणारी. त्याआधीच्या मंगांमध्ये मोठाल्या डोळ्यांचे चेहरे रूढ झाले होते. ओतोमोंनी माणसं जपानी रस्त्यावर दिसतात तशी काढली. लहान डोळे, सपाट गाल, रुंद जबडे, मुलांचेही चेहरे थकलेले. अशा चित्रांत एखाद्याला भडक खूण चिकटवली तर ती उपरी दिसते. म्हणून नेझूची खूण शरीरातूनच येते : पुढे आलेले दात आणि आखूड बांधा. हसताना आणि घाबरताना त्याचं तोंड जवळजवळ सारखंच दिसतं. सत्तेत असलेला माणूस आणि कोपऱ्यात सापडलेला प्राणी, दोन्ही एकाच चेहऱ्यात बसवायचे तर चित्रकाराला याहून जास्त काही करावं लागत नाही.

त्याच्यासमोर अकिराचा चेहरा ठेवून पाहावा. अकिरा जागा झाल्यावर जवळपास काहीच बोलत नाही, हसत नाही, रडत नाही. त्याच्या चेहऱ्यावर रेषाच कमी आहेत. नेझूच्या चेहऱ्यावर मात्र घाम, सुरकुत्या, ताणलेले ओठ. एकीकडे सगळं काही हवं असलेला माणूस आणि दुसरीकडे काहीच नको असलेला मुलगा. संवादाशिवाय, फक्त रेषांच्या संख्येतून हा फरक उभा राहतो. ‘अकिरा’मधल्या मोटारसायकली आणि कोसळत्या इमारतींचं कौतुक जगभर झालं, या शांत कामाचं त्या मानानं फारच कमी झालं.

हातचं एकेक निसटतं

तिसऱ्या खंडात कथेचा नायक कानेदा, केई आणि केईला मायेनं सांभाळणारी धिप्पाड चियोको यांच्या हाती जागा झालेला अकिरा लागतो. पळून पळून ते आसऱ्याला येतात ते नेझूच्या नौकेवर. आपल्याच नेत्याकडे आलो, आता सुटलो, असं केईला वाटणं साहजिक आहे. नेझू मुलाला ठेवून घेतो आणि या तिघांना मारून टाकायची व्यवस्था करतो.

तिघं वाचतात. इतकंच नाही, नेझूच्या बंगल्यातून अकिराला परतही आणतात. इथून सगळं शहर त्यांच्या मागे लागतं. कर्नल शिकिशिमा सरकारच्या चालढकलीला कंटाळून बंड करतो, सत्ता हातात घेतो आणि लष्करी कायदा लावतो. त्याचे सैनिक एका बाजूनं. मियाकोच्या मनःशक्तीवाल्या तरुण शिष्या दुसऱ्या बाजूनं. तिसरीकडून नेझूची खासगी फौज. मधे तीन माणसं आणि हात धरून चालणारं एक गप्प पोर.

या पाठलागात ओतोमोंनी नेझूच्या बाबतीत जे केलं आहे ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. बाकीच्या सगळ्यांची ताकद वाढत जाते किंवा टिकून राहते. कर्नलकडे रणगाडे आहेत, उपग्रह आहे. शिष्यांकडे मनाची शक्ती आहे. नेझूकडे होती ती उसनी ताकद : पक्ष, पद, ओळखीपाळखी, त्याच्यावर विश्वास ठेवणारे तरुण. बंड होताच पद गेलं. दगा दिल्यामुळे तरुण गेले. पाठलागात फौजेतली माणसं गेली. शेवटी उरलं काय, तर तो स्वतः आणि एक पिस्तूल.

पुढाऱ्याकडून एकेक गोष्ट काढून घेत त्याला नुसत्या पिस्तुलापर्यंत आणणं, ही या पात्राची खरी वाटचाल. त्यात त्याचं मन बदलत नाही, पश्चात्ताप होत नाही. फक्त तो लहान होत जातो आणि त्याची हाव तेवढीच राहते.

कालव्याकाठी

पाठलाग एका कालव्यापाशी संपतो. सैनिकांनी चहूकडून घेरलं आहे. कानेदा आणि केई यांना आता पळायला वाट नाही. कर्नलसोबत ताकाशी, मासारू आणि कियोको ही तीन मुलं आहेत. अंगानं लहान, चेहऱ्यानं सुरकुतलेली. प्रयोगांनी बालपणातच म्हातारी झालेली. त्यांचे क्रमांक २५ ते २७, अकिराच्या लगेच आधीचे. अकिराला ती पूर्वीपासून ओळखतात. मुलगा लष्कराच्या ताब्यात जाण्याच्या बेतात आहे. एका अर्थानं संकट टळतंय : त्याच्याबद्दल ज्यांना सर्वांत जास्त कळतं, त्यांच्याकडे तो परत चालला आहे.

तेवढ्यात नेझू पिस्तूल रोखतो. मला नाही तर सरकारलाही नाही. गोळी अकिराला लागत नाही, ताकाशीच्या डोक्यात घुसते. ताकाशी तत्क्षणी मरतो. सैनिक नेझूची चाळण करतात. आणि अकिरा, ज्यानं जागा झाल्यापासून कशालाच प्रतिसाद दिलेला नाही, तो आपल्या जुन्या सोबत्याचं मरण पाहतो.

पुढे कित्येक पानं शहर कोसळत राहतं.

ही पानं कशी काम करतात हे समजायला जपानी पुस्तकाची बांधणी लक्षात घ्यावी लागते. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. समोरच्या दोन पानांवरची शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते, आणि त्यानंतर पान उलटायचं असतं. त्या कोपऱ्यात मंगाकार शक्यतो प्रश्न ठेवतो आणि उत्तर पानाआड लपवतो. वाचकाचा स्वतःचा हात उत्तर उघडतो, त्यामुळे धक्का जास्त बसतो. विध्वंसाच्या दृश्यात ओतोमो शब्द जवळजवळ काढून टाकतात. चौकटी मोठ्या होतात, कधी दोन्ही पानं मिळून एकच चित्र. खिडक्या, पूल, खांब पट्टी लावून काढावेत इतके काटेकोर, आणि सगळे तुटताना. चित्रांचे तपशील इतके दाट की डोळा आपोआप मंदावतो. म्हणजे घटना काही क्षणांची, पण वाचायला वेळ लागतो. नेझूचा मृत्यू मात्र त्या तुलनेत क्षणात आटोपतो. शोक करायला कुणी नाही, कथेलाही वेळ नाही.

‘अकिरा’ १९८८पासून अमेरिकेत इंग्रजीत आली तेव्हा पानं आरशात पाहावीत तशी उलटी छापली होती, तिथल्या वाचकांना डावीकडून उजवीकडे वाचता यावं म्हणून. त्यामुळे प्रत्येक उजवखोरा माणूस डावखोरा झाला. स्टीव्ह ओलिफ यांनी संगणकावर रंग भरले, तेही त्या काळात नवं होतं. मूळ दिशेनं, काळ्या-पांढऱ्या रूपात इंग्रजी आवृत्ती पुढे २०१७मध्ये निघाली. ज्यांना निवड करता येईल त्यांनी ही वाचावी. कालव्याचा प्रसंग उजवीकडून डावीकडे धावतो तेव्हाच त्याचा वेग नीट जाणवतो.

दुसरं कुणी का चाललं नसतं

नेझूची खरी गरज कळायची तर एकेकाला त्याच्या जागी उभं करून पाहावं.

गोळी कर्नलनं झाडली असती तर? मग दोष लष्कराचा झाला असता. पण ओतोमोंनी कर्नलला कठोर दाखवूनही जबाबदार माणूस ठेवलं आहे. शहर वाचावं म्हणून तो धडपडतोय. कथेच्या उत्तरार्धात वाचकाला तो हवा आहे. हे पाप त्याच्या माथी मारून चालणार नव्हतं. मियाकोच्या शिष्येच्या हातून घडलं असतं तर शक्तीविरुद्ध शक्ती असा सामना झाला असता, आणि स्फोट म्हणजे त्या सामन्याचा निकाल वाटला असता. कानेदाकडून चुकून घडलं असतं तर नायकाच्या डोक्यावर लाखो मृत्यू बसले असते, मग त्याची पोरकट बेफिकिरी पुढे सोसवली नसती. तेत्सुओ तर तिथे नाहीच.

आणि गोळी अकिरालाच लागली असती तर? मग कथा तिथेच संपली असती.

म्हणजे इथे अकिराला मारावंसं वाटणारा, ते करण्याइतका नीच, नेम चुकण्याइतका घाबरलेला, आणि लगेच मेला तरी कथेचं काही अडणार नाही, असा माणूस हवा. या चारही अटी पुऱ्या करणारं पात्र एकच. रेल्वेच्या रुळांवर सांधा असतो तसं हे आहे. गाडी ओढण्याचं बळ सांध्यात नसतं, ते इंजिनात. पण गाडी कुठल्या रुळावर जाणार हे त्या हातभर लोखंडाच्या सरकण्यावर ठरतं. ‘अकिरा’चं सगळं बळ तेत्सुओ आणि अकिरा यांच्यात आहे, ते शहरावर कोसळेल असा सांधा नेझू सरकवतो, सहा खंडांच्या बरोबर मध्यावर.

ताकाशीच का, हेही महत्त्वाचं. पहिल्या खंडात रात्रीच्या उद्ध्वस्त महामार्गावर अचानक समोर उभा राहतो तो ताकाशीच. त्याच्यापाशी तेत्सुओच्या मोटारसायकलीला अपघात होतो, आणि तिथूनच तेत्सुओची शक्ती जागी होते. त्यामुळे एका टोकाला तेत्सुओच्या शक्तीचा जन्म आणि दुसऱ्या टोकाला अकिराचा स्फोट, दोन्ही प्रसंगांत हेच मूल मधे सापडतं. पहिल्या वेळी ते निसटतं. दुसऱ्या वेळी नेझूमुळे निसटत नाही. या मुलानं कुणाचं काही वाईट केलेलं नाही, आणि दोन्ही वेळा मोठ्यांच्या भांडणात ते आडवं येतं. एवढा हिंसक मजकूर वाचून झाल्यावरही ही एक हत्या मनाला लागून राहते. तिच्यामागे कुठलंही भव्य कारण नाही, म्हणून ती जास्त लागते.

अशा पुढाऱ्याची ओळख वाचकाला होती

नेझू हवेतून आलेला नाही. ‘अकिरा’ चालू असताना जपानी वर्तमानपत्रांत एक खटला गाजत होता. माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांच्यावर विमानखरेदीच्या प्रकरणात लॉकहीड या अमेरिकन कंपनीकडून ५० कोटी येन लाच घेतल्याचा आरोप होता. १२ ऑक्टोबर १९८३ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. अपील करून ते बाहेर राहिले, आणि त्याच डिसेंबरात निवडणुकीत प्रचंड मतांनी निवडून आले. तानाका सत्ताधारी पक्षाचे होते, नेझू विरोधी पक्षाचा. थेट साम्य शोधण्यात अर्थ नाही. पण सभागृहातलं भाषण एक आणि बंद दाराआडचा व्यवहार दुसरा, हे तेव्हाच्या तरुण वाचकाला समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसरी बाजू बंडखोरांची. साठच्या दशकाच्या अखेरीस जपानी विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं होतं. जानेवारी १९६९मध्ये टोकियो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहात अडून बसलेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर वापरून बाहेर काढलं. १९७२मध्ये असामा पर्वताजवळच्या एका विश्रामगृहात सशस्त्र तरुणांनी एका स्त्रीला ओलीस धरलं, आणि तो वेढा देशानं दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यानंतर लोकांच्या मनातून चळवळीबद्दलची सहानुभूती मोठ्या प्रमाणात ओसरली. ओतोमोंची पिढी या पडझडीच्या लगेच मागोमाग टोकियोत कामाला लागली. त्यांची पहिली कथा छापून आली ती १९७३ साली. र्यू आणि केई यांच्यासारखी निष्ठावान पोरं आणि त्यांना वापरून घेणारा वरचा माणूस, ही जोडी त्या काळाच्या आठवणीतून आली असं वाचताना जाणवतं. ओतोमो र्यू किंवा केईची कधी टर उडवत नाहीत. त्यांचा राग खरा आहे, तो चुकीच्या माणसाच्या हाती पडला.

पडद्यावर काय झालं

ओतोमोंनी स्वतःच दिग्दर्शित केलेला ‘अकिरा’ चित्रपट १६ जुलै १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. लांबी १२४ मिनिटं. तेव्हा मंगा अजून पूर्ण व्हायची होती. एवढ्या वेळात सहा खंडांचा पसारा मावणं अशक्य, म्हणून कथेचा साचाच बदलला. चित्रपटात अकिरा जिवंत मुलगा म्हणून हाती लागत नाही. जमिनीखाली उरले आहेत ते त्याच्या शरीराचे काचपात्रांत जपलेले अवशेष. पळवून न्यायला मूल नाही, म्हणून पाठलाग नाही, आणि कालव्याकाठची गोळीही नाही.

मग नेझूचं काय करायचं? तो चित्रपटात आहे, राज्यकर्त्यांच्या बैठकीत बसलेला, तसाच पुढे आलेल्या दातांचा. कर्नल बंड करतो तेव्हा तो पळ काढतो. र्यू त्याच्याकडे येतो, आणि हा आपल्याला मारायला आला अशा समजुतीनं नेझू आपल्याच माणसावर गोळी झाडतो. नंतर रस्त्यातच हृदयविकाराच्या झटक्यानं कोसळून मरतो. प्रसंग प्रभावी आहे. शहर पेटलेलं असताना पुढाऱ्याला फक्त स्वतःचा जीव दिसतो, हे त्यात थोडक्यात येतं. पण आता त्याच्या गोळीनं कथेची दिशा बदलत नाही. तो नसता तरी शहराचं तेच झालं असतं. चित्रपट पाहिलेल्यांना नेझू आठवत नाही, त्याचं कारण हेच. अभिनय किंवा चित्रं यांत काही उणं नाही. सांधाच दुसरीकडे हलवला गेला.

एकाच लेखकानं एकाच पात्राला दोन वेगळी मरणं दिली, हे अभ्यासायला फार चांगलं उदाहरण आहे. पिस्तूल तेच, भेकडपणा तोच, आपल्या माणसांशी दगाही तोच. फरक फक्त गोळी कुणाला लागली याचा. र्यूला लागली तर एका बंडखोराचा अंत होतो, ताकाशीला लागली तर एका शहराचा.

उरलेले तीन खंड

मंगाच्या चौथ्या खंडापासून सगळं ढिगाऱ्यात घडतं. तेत्सुओ परततो, अकिराला सम्राट म्हणून पुढे बसवून भग्नावशेषांत साम्राज्य थाटतो. परदेशी आरमारं किनाऱ्याबाहेर जमतात. कानेदा स्फोटात नाहीसा झालेला आहे, तो बराच काळ परतत नाही. नेझूचं नाव आता फारसं कुणी घेत नाही. पण त्यानं फसवलेली माणसं जिवंत आहेत. र्यू एका अमेरिकन हेरासोबत काम करू लागतो. केई आणि चियोको मियाकोच्या मंदिरात पोचतात, जिथे जखमी आणि भुकेल्या लोकांना आसरा मिळतो आहे. आजवर दुसऱ्याचे आदेश पाळणारी केई तिथे स्वतः निर्णय घ्यायला लागते, तेत्सुओसमोर उभं राहायची तयारी करते.

जपानी आवृत्तीत प्रत्येक खंडाला एकेका पात्राचं नाव आहे. पहिला तेत्सुओचा, दुसरा आणि तिसरा अकिराचा, शेवटचा कानेदाचा. नेझू मेल्यानंतर लगेच येणारे चौथा आणि पाचवा हे दोन्ही खंड ओतोमोंनी केईच्या नावे केले आहेत.